कात्रीचा आवाज

दार लावून, पडदा ओढून, बायकोला खिडकीशी पहाऱ्याला उभं करून न्हाव्याने कात्री बाहेर काढली. सलून बंद करून बेकारांना मिळणारी सरकारी मदत घ्यायला लागल्यापासून ती पिठाच्या डब्यात लपलेली होती.

"हळू चालवा. कुणी चुगली केली तर मदत बंद होईल," बायको दबक्या आवाजात म्हणाली.

"पैसे कुठे घेतोय? हात शिवशिवतात म्हणून कापतोय."

"हे सांगा तपासायला येणाऱ्या साहेबाला!"

खुर्चीतलं जुनं गिऱ्हाईक हसलं. "एवढी हौस आहे, तर सलूनच उघड की पुन्हा."

"आणि नाही चाललं तर? एकदा सोडलेली मदत परत कोण देतंय?"

तेवढ्यात दार वाजलं. कात्री डब्यात गेली, पण जमिनीवरचे केस तसेच राहिले.

दारात शेजारचा सुतार होता. तोही मदतीवरच जगणारा.

"धार लावायचा दगड आहे का रे?" असं विचारता विचारता सुताराने आतलं अर्धेच केस कापलेलं डोकं पाहिलं. न्हाव्याने शरमेने मान खाली घातली, तर सुताराच्या गुडघ्यांना चिकटलेला ताजा भुसा दिसला.

"मी काही पाहिलं नाही," सुतार म्हणाला.

"मीही नाही," म्हणत न्हाव्याने वाकून तो भुसा झटकून टाकला.

मग गिऱ्हाइकाला तसंच आत ठेवून दोघे बाहेर आले आणि सगळ्या गल्लीला नीट दिसेल अशा बेताने, पायरीवर हातावर हात धरून बसले.