दुसरा कोंब

सासरे दवाखान्यात असताना कुंड्यांना पाणी घालायचं काम सुनेकडे होतं. नेच्यांच्या शेजारी, सावलीत, सासूबाईंनी लावलेला सापकांदा होता. नागाच्या फणीसारखं फूल यायचं त्याला. सासूबाई गेल्यापासून सासरे त्याला जिवापाड जपत. त्याची पानं पिवळी पडली, गळाली, नुसती माती उरली. आपणच पाणी जास्त घातलं, या धसक्याने सुनेने गुपचूप नर्सरीतून दुसरा कंद आणला, त्याच मातीत खुपसला आणि तोंड शिवून बसली.

घरी आल्यापासून सासरे रोज त्या कुंडीपाशीच खुर्ची टाकत. ती चहा ठेवून लगेच आत पळे.

थंडी सरली, ऊन तापायला लागलं, आणि एका सकाळी त्यांनी हाक मारली, "सूनबाई, इकडे ये जरा."

कुंडीत दोन कोंब होते.

"हा तुझ्या सासूचा. दरवर्षी पानं टाकतो आणि मातीत झोपून राहतो."

तिचा जीव भांड्यात पडला. मग नजर दुसऱ्या कोंबाकडे गेली. "बाबा, हा मी..."

"ठाऊक आहे. डोक्यावर उभा केला होतास बिचाऱ्याला. घरी आलो त्याच दिवशी मी सुलटा करून ठेवला."