थोरलीची भुवई

"गोष्ट काढून टाक मोबाईलवरनं. आन् ही भुवई खाली घे. नायतर उद्यापासून पेणला येऊ नको."

कारखान्याच्या मालकाने, सुशीलने, मुखवटा किमयाच्या पुढ्यात आपटला. आपटला म्हणजे तसा जपूनच. गौरीचा मुखवटा, त्यात विकायचा. कारखान्यातल्या बायांचे पॉलिशपेपर थांबले.

किमया रोज रोह्याहून यायची. गौरींचे डोळे आणि भुवया रंगवायची. त्याला आखणी म्हणतात. नवऱ्याचं घर सोडून आल्यावर माहेरी तिची मान ताठ होती ती या आखणीच्या पगारावर. जाता-येता ती मोबाईलवर गोष्ट लिहायची आणि दुपारी डबे उघडले की बायांना वाचून दाखवायची.

गोष्ट थोरलीची. लक्ष्मीची मोठी बहीण, समुद्रातून आधी वर आलेली. देवांनी तिला एका ऋषीच्या गळ्यात बांधली आणि त्याने तिला पिंपळाखाली सोडून दिली. पोथीत ती तिथेच बसून राहते. किमयाची थोरली उठते. धरमतरच्या खाडीवर येते. तिथल्या खारजमिनीच्या राजाशी खोटं बोलते, त्याच्या होड्या पळवते, धाकटीवर जळते, शिव्या देते. राजाला सगळं कळतं. तरी तो तिच्यावरून जीव ओवाळून टाकतो.

बायांचा घास तोंडातच राहायचा. अनिता एकदा म्हणाली, "गुणी वागून आमची हाडं झिजली गो. ही मेली चोऱ्या करते, नी राजा हिच्याच मागं! वाच, वाच पुढं."

त्याच तोऱ्यात आज किमयाने गौरींच्या जोडीतल्या थोरलीची डावी भुवई वर चढवली होती. तीळभरच. पण तेवढ्याने ती बाई समोरच्याला विचारायला लागली होती, मग? काय म्हणणं आहे तुझं?

"धाकटीची बघ, कशी शांत हाय," सुशील म्हणाला. "जोडी सारखी लागते. असली नखऱ्याची गौर घरात कोण घेईल? देवीला खोटारडी करतेस, लाज नाय वाटत?"

"नाय वाटत. आन् मी पुसणार पण नाय."

सुशील लालबुंद झाला. त्याने कोपऱ्यातल्या आईकडे बघितलं. पुतळीबाई. किमयाच्या आधी उभा जन्म इथली आखणी त्यांनीच केलेली. नवऱ्याने दुसरं घर केलं तेव्हाही त्यांनी ब्र काढला नव्हता. लोक सुनांना त्यांचा दाखला द्यायचे. गोष्ट सुरू झाली की त्या भिंतीकडे तोंड करून जेवायच्या. विटाळ नको म्हणून, असं किमयाला वाटायचं.

"आई, तू दे जोडी सारखी करून. हिचं काम संपलं."

किमयाने डब्याची पिशवी उचलली. मान मात्र खाली गेली नाही.

पुतळीबाईंनी दोन्ही मुखवटे मांडीवर घेतले. ओल्या फडक्याने एक भुवई पुसली. रंग अजून कच्चा होता, लगेच निघाला. सुशीलने समाधानाने मान डोलावली.

"बस गो," त्या किमयाला म्हणाल्या. "काल कुठं थांबली होतीस? राजाला होड्यांचं कळलं, तितं ना? तो रागावला का नाय?"

किमयाने पिशवी परत खाली ठेवली. अनिताने तोंडाला पदर लावला. "आई, तू ऐकत होतीस?" सुशील म्हणाला.

त्यांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. बारीक ब्रश काळ्या रंगात बुडवला. श्वास रोखला. एक रेघ ओढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, न थरथरता. मग दोन्ही मुखवटे लेकासमोर उभे केले.

"घे. झाली जोडी सारखी."

थोरलीची भुवई होती तशीच होती. धाकटीची वर चढली होती.