बाहेर राहिलेली फाईल

"नेहमी कोऱ्या मशीनवर कंपाईल करून बघायचं, चिमणे. आपल्या मशीनवर काय, सगळंच चालतं."

दादाचं हे सांगणं आठवूनच तिनं जेवणाच्या टेबलावर तीन कोरे कॉम्प्युटर मांडले होते. एक विंडोजचा, एक लिनक्सचा आणि मैत्रिणीकडून दोन दिवसांसाठी मागून आणलेला मॅक. दादाला जाऊन सात आठवडे झाले होते. हजारो समीकरणं एका दमात सोडवणारी त्याची प्रोग्रामांची लायब्ररी, आठ वर्षांचे रविवार घालून केलेली. तिचं नवं रूप अजून कुणाकडेच गेलं नव्हतं. पुराचा अंदाज काढणाऱ्या कार्यालयातल्या इंजिनियर बाईंना त्यानं शब्द दिला होता. आता तिन्हीकडे ती नीट कंपाईल झाली, म्हणजे दादानं लिहिलेलं त्या मशीनला चालवता येईल असं झालं, की पाठवून द्यायची, एवढंच उरलं होतं.

बाबा खुर्ची ओढून शेजारी बसले. त्यांचा जन्म लेथ मशीनवर गेलेला.

"तीन जावा एका स्वयंपाकघरात. पटतंय का एकमेकींशी?"

"बघू या."

लिनक्सवर ओळी भराभर सरकल्या आणि थबकल्या. एक फाईल सापडत नव्हती. तिनं विंडोजवर लावून पाहिलं. बोलण्याची तऱ्हा वेगळी, तक्रार तीच. मॅकही तिथंच अडला.

"तिघींचं एकमत झालं," बाबा म्हणाले. "म्हणजे दोष सासूचा."

ती हसली. सात आठवड्यांत पहिल्यांदा. हसता हसताच तिनं दादानं तिच्याकडे पाठवून ठेवलेल्या सोर्समध्ये, त्याच्या मूळ लिखाणात, त्या फाईलचं नाव शोधलं. एकाच ओळीत ते सापडलं. फाईल लायब्ररीच्या फोल्डरात नव्हतीच. ती दादाच्या स्वतःच्या फोल्डरातून उचलली जात होती. बाजूला त्याचीच टीप होती. 'आकडे अजून बदलतोय. पक्के झाले की आत घेईन.'

चाळीस आकडे. सोर्समध्ये त्यांची नुसती नावं होती, किमती त्या फाईलमध्ये. समीकरणं अडून बसली की त्यांना किती रेटायचं आणि कुठं थांबायचं, ते या आकड्यांवर ठरायचं. दादा येता-जाता त्यात फेरफार करायचा, म्हणून ती फाईल त्यानं हाताशी, बाहेर ठेवलेली. त्याच्या मशीनवर ती आपसूक सापडत राहिली. बाहेर आहे हे पुढं त्याच्या ध्यानातही राहिलं नसेल. सगळ्यांना कोऱ्या मशीनचा धडा देणाऱ्या दादाच्या.

तिनं कीबोर्डवरचे हात उचलून मांडीत घेतले.

"काय गं?"

"काही नाही. एक फाईल राहिलीय."

"कुठं?"

ती पडद्याकडे बघत राहिली.

"चिमणे, कुठं राहिलीय?"

"दादाच्या मशीनवर, बाबा."

दादाचं मशीन बाबांनी पंधरवड्यापूर्वी एका शाळेला देऊन टाकलं होतं. तिला विचारलं नव्हतं. उगाच पुन्हा रडेल, म्हणून.

"मी उघडूनसुद्धा बघितलं नाही गं," ते म्हणाले. "पोराचं काही खासगी असेल, परक्याच्या हाती पडू नये, असं वाटलं. दुकानदार म्हणाला, काका, एकदा पुसलं तरी पुरे. मी म्हटलं, नाही, दोनदा पूस. समोर उभं राहून पुसून घेतलं."

"तुम्हाला कसं कळणार होतं?"

"विचारता आलं असतं."

तिन्ही पडदे तीच एक ओळ दाखवत होते.

"आमच्या कारखान्यात एखाद्या भागाचा नकाशा हरवला," बाबा म्हणाले, "की तयार मालावरून मापं घ्यायचो. त्यानं केलेलं काही शिल्लक असेल ना?"

तिनं चाचण्यांचं फोल्डर उघडलं. दादानं आपल्या मशीनवर सोडवून ठेवलेली दोनशे गणितं होती. प्रत्येकाचं उत्तर, आणि ते किती फेऱ्यांत आलं, तेही.

"आहे," ती म्हणाली. "एकेक आकडा घालून बघावा लागेल. उत्तर आणि फेऱ्या दोन्ही जुळल्या, तर तो दादाचा."

"सूतभर इकडंतिकडं चालतं?"

"नाही चालत. त्यासाठीच तर तो इतकी वर्षं बसला होता."

"मग तुला किती लागतील?"

तिनं मनाशी हिशेब केला. रोज कामावर जायच्या आधी एक तास. "वर्ष. कदाचित दोन."

बाबांनी मान खाली घातली. टेबलावर काही सांडलेलं नव्हतं, तरी ते तळहातानं पुसत राहिले.

"बाबा, चाळीसच्या चाळीस काढीन मी. तुमच्या शपथेवर सांगते."

"शपथ नको घालूस माझी," ते म्हणाले. "मला काय किंमत आता."

ते उठून मोरीत गेले. नळ सुटला, आणि सुटलेलाच राहिला. पाण्याच्या आवाजाखालून दुसराही एक आवाज येत होता. ती जागची उठली नाही. आपल्यासमोर रडता आलं असतं, तर ते आत गेलेच नसते.

तिनं इंजिनियर बाईंना दोन ओळी लिहिल्या. उशीर होईल. पण येईल.

मग एक कोरी फाईल लायब्ररीच्या आत, योग्य जागी तयार केली. चाळीस ओळी आखल्या. पहिल्या ओळीत अंदाजानं एक आकडा घातला, आणि कंपाईल लावलं.