ससा आणि गळका नळ

यातून मुकादमला एक ससा मिळणार होता. वर्गातला, पांढरा, सुट्टीचे सहा आठवडे, पिंजऱ्यासकट. त्यासाठी ती सकाळी सातला जिन्याखाली पालथी पडून पाण्याच्या मीटरवर टॉर्च मारत होती, आणि बाप झाकण धरून वाकला होता.

मुकादम म्हणजे त्याची नऊ वर्षांची मुलगी. नाव त्यानेच ठेवलेलं, कारण तिला कामापेक्षा काम करून घेणं जास्त जमायचं. बाईंनी वर्गात सांगितलं होतं की दोन आठवडे घरचा मीटर लिहा. पहिला आठवडा नेहमीसारखं पाणी वापरा, दुसरा जपून. ज्याचा आकडा सगळ्यांत जास्त उतरेल, त्याच्या घरी ससा. बाकीची पोरं विचारात पडली. मुकादमचं मात्र नशीब थोर होतं. तिचा बाप प्लंबर होता, त्यामुळे घरातला नळ आठ महिने गळत होता.

स्पर्धा सुरू झाली त्या रविवारी बाप, कधी नव्हे तो, पाना आणि नवा वायसर घेऊन सिंकपाशी उभा राहिला होता. मुकादम आडवी आली. आणखी सात दिवस गळू द्या, म्हणाली. आधी जेवढं जास्त गळेल, तेवढा नंतर आकडा जास्त उतरेल. काम पुढे ढकला असं बापाला जन्मात पहिल्यांदाच कुणी विनवत होतं. त्याने लेकीची हुशारी मान्य केली आणि पाना पिशवीत टाकला. आईने नळाखालच्या बादलीकडे एकदा पाहिलं आणि ‘बरं’ म्हणाली.

पुढच्या रविवारी वायसर बसला. चार मिनिटं लागली. आज त्यालाही आठवडा झाला होता.

“वाचा, बाबा, वाचा. मी नाही बघत.” मुकादमने डोळे मिटून घेतले होते आणि पाय मात्र हवेत झाडत होती. पिंजरा खिडकीपाशी ठेवायचा हे ठरलं होतं. पाल्यासाठी भाजीवालीला सांगून झालं होतं. तीनशे लिटर तर नुसत्या नळाचे उतरणार होते, शिवाय दात घासताना तिने तोटी बंद ठेवली होती, त्याचे वेगळे.

बापाने आकडा वाचला. तिने वहीत वजाबाकी केली. मग पुन्हा केली. मग पेन्सिलीला टोक करून पुन्हा केली.

“तीस,” ती म्हणाली.

“तीनशे तीस असेल.”

“तीस, बाबा. म्हणजे नुसते माझ्या दातांचे. नळाचे कुठे गेले?”

हा बापाच्या धंद्याचा अपमान होता. दोघं धावतच वर आली. नळ कोरडा ठणठणीत होता. त्याने बोट लावून पाहिलं, खाली कागद धरून पाहिला, शेवटी कान लावला. एक थेंब नाही. या गडबडीने आई उठून आली. रविवार असला तरी सात वाजता अंथरुणात सापडणारी ती बाई नव्हती, पण हा आठवडाभर ती उशिरापर्यंत झोपत होती आणि हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

तिने ऐकून घेतलं, जांभई दिली आणि मोरीतल्या पिंपाकडे बोट केलं. बादली भरली की ती पिंपात रिकामी करायची. त्यातूनच कपडे, फरशी, संडास सगळं व्हायचं. आता नळ गळत नाही, म्हणून ती पिंप तोटी सोडून भरते. पाणी तेवढंच लागतं.

“वाया कधी जात होतं ते?” आई म्हणाली.

पिंप नेहमी भरलेलं असतं, ते कुणी भरतं, हा प्रश्न त्या घरात आजवर निघाला नव्हता. बाप पिंपाकडे असा बघू लागला, जणू ते रात्रीतून उगवलं होतं.

मुकादम मात्र हिशेबाची पक्की. बादली दहा लिटरची, सिंकमध्ये त्याहून मोठी मावत नाही. पाच तासांत भरायची. म्हणजे रात्री दहाला रिकामी केली तर...

“आई, तीन वाजता ती सांडत असेल ना?”

“नाही सांडायची.”

“तू उठायचीस? गजर लावून?”

“गजर कशाला? भरत आली की थेंबाचा आवाज बदलतो. जाग यायची.”

मुकादमने वहीत बाईंच्या तक्त्यात ‘तीस’ लिहिलं, न खोडता. ससा तिथेच दुसऱ्या कुणाच्या तरी घरी गेला. मग पान उलटून ती काहीतरी गुणू लागली, आणि चमक हळूहळू तिच्या डोळ्यांत परत आली.

“आठ महिने, म्हणजे दोनशे चाळीस रात्री,” ती म्हणाली. “त्यातल्या शेवटच्या सात माझ्यामुळे. सात दिवस फरशी मी पुसणार.”

“अर्ध्या बादलीत,” आई म्हणाली.

“अर्ध्याच.” तिने बाह्या वर केल्या, फडकं घेतलं आणि वही बापाकडे वळवली.

बाप तोपर्यंत पिशवी काखेत मारून दारापर्यंत पोचला होता. उरलेल्या दोनशे तेहेतीस रात्री त्याच्या नावावर होत्या.