लेखी बोलावणं

"बरं, मारहाण?" उन्नतीने पेनाचं टोपण काढत विचारलं.

"हट!" सिंधुताई खुर्चीतून उठायच्याच बेतात. "छत्तीस वर्सात हात नाई उचलला त्या माणसानं."

"दारू?"

"एकादशीले च्याबी नाई पेत."

"दुसरी बाई?"

सिंधुताईंनी तिच्याकडे असं पाहिलं की उन्नतीने तो प्रश्न स्वतःच खोडून टाकला.

सुपेल्यातल्या आपल्या माडीवरच्या ऑफिसात उन्नती वकील पाऊण तास हेच करत होती. सिंधुताईंना नवरा परत हवा होता, आणि तोही कायद्याने. त्यांचे यजमान केवलराम स्टील प्लँटातून रिटायर झाले आणि तिसऱ्याच महिन्यात खुर्सीपारचं घर सोडून उतई गावी भावाकडे जाऊन बसले. त्याला आता चार महिने झाले. कोर्टात जायचं तर आधी नोटीस द्यायची, नोटिशीत काहीतरी गाऱ्हाणं लिहायचं, आणि ही बाई नवऱ्याविरुद्ध एक अक्षर लिहू देईना! असलं अशील भेटलं की वकिलाने सनद गुंडाळावी आणि पापड लाटायला बसावं.

"देखो काकू," वैतागली की उन्नतीचं मराठी हटकून हिंदीत घसरायचं, "बिना वजह कोई घर छोडता है क्या? झालं काय होतं?"

"काई नाई वं. रिटायर झाल्यापासून सैपाकघरात येऊन उभे राहाचे. तिखट कमी टाक, गॅस बारीक कर. मी म्हनलं, तुमची ड्युटी संपली, आता माह्या खात्यात नाक खुपसू नका. झालं! चप्पल घातली, स्कूटर काढली अन् निंगाले."

"मग परत बोलवायचं ना!"

"बोलावलं नाई का? पोराले धाडलं, जावयाले धाडलं, समाजाच्या अध्यक्षाले धाडलं. साऱ्याइले एकच उत्तर. तोंडी ऑर्डर मी मानत नाई, लेखी पायजे. सारी जिंदगी प्लँटात लेखी ऑर्डरवर काढली न त्यायनं. कागदाशिवाय तिथं नटबोल्ट नाई हलवला."

उन्नतीने कपाळावर हात मारून घेतला. "अहो काकू, मग त्यांना नोटीस कुठे हवीय! तुमची चिठ्ठी हवीय. घरी या, एवढंच. खतम!"

"मी कावून लिवू?" सिंधुताई कडाडल्या. "मी लिवलं तर मी झुकली. वकिलाचं गेलं तर ते कायद्याचं काम. ना त्यायची मान खाली, ना माही."

आता बोला! चार महिने दोघं दोन गावांत झुरताहेत, आणि घोडं अडलंय कशावर, तर सही कुणाची यावर. बाईंना हाताला धरून सरळ जिना उतरवून द्यावा असं उन्नतीला फार वाटलं. पण सिंधुताई पदराने डोळे टिपत होत्या. मग तिने मुकाट्याने लेटरहेड पुढे ओढलं आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचू लागली.

"आपण कोणत्याही कारणाशिवाय..."

"कारणाशिवाय काढ. कारण होतं न. मी बोलली होती त्यायले."

उन्नतीने काढलं. "आपण आपल्या पत्नीचा त्याग केला..."

"त्याग कायचा? उतईले गेले."

दात-ओठ खात उन्नतीने तेही खोडलं. आता कागदावर नाव, पत्ता आणि 'घरी परत यावे' एवढंच उरलं होतं.

"झालं. आजच स्पीड पोस्ट करते," ती म्हणाली. "मुदत पंधरा दिवसांची लिहिते."

"पंधरा दिवस!" सिंधुताईंचा आवाजच चढला. "आतालोक चार महिने झाले ते कमी पडले का? डाकेबिकेनं नको. खाली ऑटो उभा केला हाय, मीच नेऊन देतो. दिवस बुडायच्या आत घरी हजर व्हा, असं लिव. अंधारात त्यायले स्कूटर चालवता येत नाई."