काठोकाठ भरलेला टब

इंग्लंडमधल्या आपल्या परसात मृदुला सकाळपासून काचघराच्या पुसलेल्याच काचा पुन्हा पुसत होती. थोरल्या जाऊबाई घर विकून लहान फ्लॅटमध्ये राहायला निघाल्या होत्या. दिवंगत दिरांची दोन कासवं तिथे चालणार नव्हती. "तुझ्याकडची सोय बघून ठरवेन," त्या फोनवर म्हणाल्या होत्या. मुलं पांगलेल्या आपल्या घरात मृदुलाला कासवं हवीच होती. तिने काचघरातल्या मेथीच्या उथळ कुंड्या कोपऱ्यात सारल्या आणि मधोमध टब पुरून पाण्याने काठोकाठ भरला. देवघरातलं पितळी कासव पाण्यातच तर असतं.

जाऊबाईंनी आल्या आल्या टबाकडे बोट दाखवलं. "अगं, ही जमिनीवरची कासवं. यात बुडून मरतील."

"मला वाटलं, देवघरातल्यासारखं..."

"पूजेला बसवणार होतीस काय?"

मृदुला तांब्याने पाणी उपसू लागली. आता काही ही कासवं आपल्याला मिळत नाहीत.

"बघू तरी," म्हणत जाऊबाईंनी कासवांची पेटी आडवी केली. मोठं कासव बाहेर आलं, जरा थबकलं, आणि तडक कोपऱ्यातल्या मेथीला जाऊन भिडलं.

"हे गेल्यापासून पाल्याला धड तोंड लावलं नव्हतं गं त्यानं," जाऊबाई हळूच म्हणाल्या.

मग त्यांनी पर्स उघडून रुमालात जपून गुंडाळून आणलेला कासवांचा उबेचा दिवा बाहेर काढला. मृदुलाने हात पुढे केला.

"आधी हात पूस," त्या म्हणाल्या. "आणि मला बसायला काहीतरी आण."