कुंडीतलं झाड

"आज तुम्ही पेशंट नाही, माझे असिस्टंट," जीपची काच चार बोटं खाली करून संपदा मॅडम निहारला म्हणाल्या. "पेशंट ते."

जयपुरातल्या नाहरगड किल्ल्यामागच्या टेकडीच्या पायथ्याशी सर्जेराव बुटाची नाडी पुन्हा पुन्हा बांधत होते. साताऱ्याचे, फौजेतून रिटायर.

"त्यांना मोकळ्या जागेची भीती आहे. पण त्यांना वाटतं, तेच तुम्हाला सांभाळायला आलेत. वाटू द्या."

निहार गोंधळला. मोकळ्या जागेची भीती तर त्याला होती. एक वेळ सोडली, तर कित्येक महिने तो मानसरोवरच्या फ्लॅटबाहेर पडला नव्हता. आजही जीपमध्ये डोळे मिटून आला होता. सोमवारी ऑफिसात हजर झाला नाही, तर नोकरी जाणार होती.

"मग माझी टेस्ट?"

टेस्ट फोनवर झाली होती. कुणीतरी माणूस प्रश्न विचारायचा आणि उत्तर ऐकून नुसतं "हं. आगे?" म्हणायचा. निहारने त्याला कंपाउंडर ठरवून टाकलं होतं. शेवटी झाडाचं चित्र काढून पाठवायला सांगितलं. निहारने काढलं. कुंडीत.

"टेस्टवरूनच ठरलंय. आईला दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा धावत सुटलात ना? तुमचे पाय दुसऱ्यासाठी चालतात. प्रत्येकाचा इलाज वेगळा."

काच वर गेली. ड्रायव्हर शेंगा सोलत बसला होता.

"भ्यायचं न्हाई बरं का," म्हणत सर्जेरावांनी निहारचा दंड करकचून धरला.

बिचारे, निहारला वाटलं. "काका, मला भीती वाटतेय. हात सोडू नका," तो त्यांच्या समाधानासाठी म्हणाला. हे खरंही होतं, पण आज ते मोजायचं नव्हतं.

"सोडत न्हाई. तू फकस्त म्होरं बघ." सर्जेरावांचे स्वतःचे डोळे मिटलेले होते.

माथ्यावर पोचल्यावर खाली सगळं जयपूर पसरलेलं दिसलं. "छान आहे," दोघं एकमेकांची समजूत काढत म्हणाले आणि लगेच उतरले.

"मॅडम, तुमचा पेशंट एकदम बरा!" जीपपाशी दोघं एकदमच ओरडले. बोटं एकमेकांकडे.

"काका, पेशंट तुम्ही!"

"मी? आरं, मॅडमनी सांगितलंय, पेशंट तूच हाईस. मी असिस्टंट!"

"असिस्टंट मी आहे!"

"फौजेत होतो मी! मला येडा म्हणतोस व्हय रं?" सर्जेरावांनी निहारची कॉलर धरली. मॅडम आतून काच ठोकू लागल्या. कुणी ऐकेना. मग धाडकन दार उघडलं आणि मॅडम धावत दोघांच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या.

"भांडू नका! दोघंही माझी जबाबदारी आहात!"

त्या अनवाणी होत्या. जीपमध्येही चप्पल दिसत नव्हती. त्यांनी वर आभाळाकडे पाहिलं आणि एका हाताने निहारला, दुसऱ्याने सर्जेरावांना घट्ट धरलं.

ड्रायव्हरने शर्टावरची टरफलं झटकली, खिशातून चष्मा काढून लावला.

"शाबाश, संपदाजी. दिवाली के बाद आज पहली बार बाहर," तो म्हणाला. "हं. आगे?"